पाऊण तास

ते साल १९६८. त्या वर्षी चित्रपटाच्या वर्गात चौघांचा एक गट होता आणि चौघांनाही त्यांच्या घरी ठेवलेल्या नावांनी कुणी हाक मारत नसे. दिग्दर्शन करणारा साहेब, कारण तो बसल्या जागेवरून हुकूम सोडायचा. कॅमेरावाला लांबू, कारण दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. आवाज टिपणारा घुम्या. तो स्वतः दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तरी बाकीच्यांना नवल वाटायचं. आणि चौथी चोपडी. कुठल्या शॉटमध्ये कुठली खुर्ची कुठे होती, पात्राच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, हे सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवणं हे तिचं काम. वर्गात मुलगी ती एकटीच. सरांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात वही दिली आणि तेव्हापासून ती चोपडी झाली ती झालीच.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक गटाने एका थरारपटाची फक्त सुरुवात करून दाखवायची होती. दोन मिनिटं. त्यासाठी अकरा मिनिटांचं एक रीळ मिळायचं आणि ते संपलं की खेळ खलास.

तीन आठवडे उपाहारगृहातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर नुसते खुनांवर खून पडले. साहेबाला पुलावरून माणूस ढकलायचा होता.

"ढकल की," लांबू म्हणाला. "खाली पडणारा माणूस कोण? तू?"

मग मोटारींचा पाठलाग ठरला. मोटार कुणाकडेच नव्हती, लांबूची सायकल होती. मग पिस्तूल, मग विष, मग आंधळी बाई. सर येता-जाता ऐकत असत. एकदा ते टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "प्रेक्षक पैसे मोजून खुर्चीत बसलाय. त्याला घाई नाही, घाई तुम्हाला आहे. त्याला घाबरवू नका. त्याला जे कळलंय ते पात्राला कळलेलं नाही, एवढंच करा. पुढचं काम तो स्वतःच करतो."

सर गेल्यावर साहेबाने चहा मागवला. मग घुम्याने त्या दिवसातलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"दाताच्या डॉक्टरकडे."

"काय दाताच्या डॉक्टरकडे?"

"माणूस बाहेर बसलाय. आत मशीनचा आवाज. तो थांबतो. दार उघडत नाही."

साहेबाने हातातला कप खाली ठेवला. सगळ्यांनी मिळून चोपडीकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत होती. चोपडीचे काकाच दातांचे डॉक्टर.

चोपडी कॉलेजसाठी काकांकडे राहायची. खाली दवाखाना, वर घर. काकांनी लग्न केलं नव्हतं आणि त्यांच्या बहिणीनेही, म्हणजे चोपडीच्या आत्याने. भावाचा दवाखाना सांभाळता सांभाळता तिची सतरा वर्षं गेली होती. बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी ती बसायची, फोन घ्यायची, रोग्यांना नंबर द्यायची, रडणाऱ्याला रुमाल द्यायची. समोरच्या भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं. दवाखाना, घर, जेवणं, सगळं त्या एका घड्याळावर चालायचं. काका काम करताना मनगटावर काही बांधत नसत. आत्या म्हणायची, "दिवसात चाळीस वेळा हात धुणाऱ्या बाईने मनगटी घड्याळ घेऊन करायचं काय?" दर रविवारी दुपारी ती स्टुलावर चढायची आणि घड्याळाला किल्ली द्यायची. सतरा वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता.

त्या वर्षी मात्र आत्याने कुणाला न विचारता एक अर्ज केला होता. दूरच्या एका गावी नर्सेसच्या वसतिगृहाला अधीक्षिका हवी होती. वयाची अट पंचेचाळीस. आत्याला पंचेचाळीसावं संपायला दोन महिने उरले होते. मुलाखत झाली, यादीत तिचं नाव पहिलं आलं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मंगळवारी सकाळी नऊला हजर व्हावं, न झाल्यास यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. तिथे जाणारी गाडी सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे सोमवारची गाडी चुकली की नोकरी गेली आणि पुन्हा अर्ज करायला वय उरणार नव्हतं.

काका वाईट नव्हते. त्यांनी "जा" म्हटलं होतं. मात्र म्हणताना ते भिंतीकडे बघत होते.

चित्रीकरणाला रविवार मिळाला तो नेमका त्या सोमवारच्या आदला. काकांनी अट घातली, "जे जसं आहे ते तसं परत ठेवायचं. माझ्या रोग्याला कळता कामा नये की इथे तमाशा झाला."

"तमाशा नाही काका, सिनेमा," चोपडी म्हणाली.

"तेच ते. दात घासून या म्हणावं सगळ्यांना."

आत्या वर ट्रंक भरत होती. स्टूल आणि किल्ली घेऊन ती नेहमीच्या वेळेला खाली उतरली, तर खोलीत दिवे, वायरी आणि तिपाईवर कॅमेरा. तिने क्षणभर बघितलं आणि किल्ली चोपडीच्या हातात दिली.

"बये, आजपासून ही तुझ्याकडे. बारा वेढे. तेरावा दिलास तर ते रुसतं."

"देते गं आत्या. तू जा, ट्रंक भर."

पात्र एकच होतं आणि ते मामांनी केलं. मामा म्हणजे काकांचे मदतनीस. उपकरणं उकळायची, कापूस कापायचा, आणि टेलिफोन वाजला की खोलीबाहेर जायचं. टेलिफोनला ते जन्मभर घाबरले. चेहरा मुळातच असा की कुणीतरी आता आपल्याला रागावणार आहे. साहेबाने त्यांच्या गालावर रुमाल बांधला आणि म्हणाला, "मामा, अभिनय करू नका. बसा."

"बसतो की. पण मरायचं आहे का शेवटी?"

"नाही, मामा."

"मग हरकत नाही."

सुरुवात अशी ठरली होती. रिकामी खोली, एक माणूस बाकावर. आतून दात कोरायच्या मशीनचा आवाज. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. आवाज थांबतो. माणूस वाट बघतो. कुणी बाहेर येत नाही. तो उठतो, दाराशी जातो, टकटक करतो, दार ढकलतो. आत खुर्ची रिकामी, वरचा दिवा अजून हलतोय. संपलं.

पडद्यावर हे सगळं दीड-दोन मिनिटांत घडणार. चित्रण करायला मात्र दुपार लागणार होती. चौथ्या शॉटपासून आठव्या शॉटपर्यंत मामांच्या डोक्यामागे घड्याळ दिसत होतं. एका शॉटमध्ये दोन दहा आणि पुढच्यात अडीच वाजले तर सगळा डोलारा कोसळला असता. चोपडी दोन वाजून दहा मिनिटं व्हायची वाट बघत स्टुलावर उभी राहिली, आणि काटा जागेवर येताच तिने दोन बोटांनी लंबक धरला. टकटक थांबली. खोली एकदम वेगळीच वाटायला लागली. घुम्यासुद्धा मान वर करून बघायला लागला.

तिने वहीत लिहिलं : "शॉट ४. घड्याळ २.१० ला थांबवले."

मग पाच शॉट झाले. मामा एकदा शिंकले, एकदा लांबूचं डोकं दिव्याला लागलं, एकदा साहेब "कट" म्हणायचं विसरला आणि मामा दारात उभे राहून विचारू लागले, "आता घरी जाऊ का?" आठवा शॉट संपला तेव्हा लांबूने आपलं मनगट बघून सांगितलं, "तीनला पाच कमी. खिडकीतलं ऊन चाललं, आवरा." चोपडी स्टुलावर चढली, मोजून बारा वेढे किल्ली दिली, लंबकाला हलकेच ढकललं, टकटक सुरू झाली. खाली उतरून तिने लिहिलं : "शॉट ८ नंतर. घड्याळ सुरू केले." पुढे बरोबरची खूण केली.

नंतर खुर्च्या जागच्या जागी गेल्या. मासिकंसुद्धा ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने ठेवली, कारण तिने ती लिहून ठेवली होती. काकांनी संध्याकाळी फेरी मारली आणि त्यांना एकही चूक सापडली नाही. घड्याळ ऐटीत चाललं होतं.

सोमवारी सकाळी सातलाच चोपडी बाहेर पडली. रीळ कॉलेजात जमा करायचं होतं. दवाखान्याला अजून कुलूप होतं. घरातलं एकुलतं गजराचं घड्याळ आत्याच्या मालकीचं आणि ते रात्रीच ट्रंकेत गेलेलं. आत्याने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "स्टेशनवर येऊ नकोस, वर्ग बुडवू नकोस. गाडीच्या दारात मला रडायला आवडत नाही." चोपडीने वाकून नमस्कार केला आणि ती गेली.

काका खाली उतरले तेव्हा भिंतीवर सव्वाआठ झाले होते. इतक्या लवकर आपण तयार झालो याचा त्यांना अभिमान वाटला. दिवसभर मात्र रोगी विचित्र वागत होते. जो तो वेळेआधी हजर. "दाताच्या डॉक्टरकडे लोक वेळेआधी यायला लागले," काका मामांना म्हणाले, "जग बुडायला आलं वाटतं." दोन-तीन रोगी उशीर झाल्याबद्दल कुरकुरले, पण दाताच्या रोग्याचं कुरकुरणं कोण मनावर घेतो?

कॉलेजात दुपारी तीनला वहीची तपासणी होती. ही सरांची जुनी रीत. रीळ धुवायला पाठवण्याआधी गटाने समोर बसायचं आणि नोंदी ठेवणाऱ्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वही मोठ्याने वाचायची. पडद्यावरची चूक कानाला आधी कळते, असं सर म्हणत. ते डोळे मिटून ऐकत. झोपलेत असं वाटे आणि मग ते नेमकं विचारत.

चोपडी वाचत होती. "शॉट चार. घड्याळ दोन दहाला थांबवले. मामांचा उजवा हात गालावर." पाच, सहा, सात. "शॉट आठनंतर. घड्याळ सुरू केले."

"थांब," सर म्हणाले. डोळे मिटलेलेच. "चार ते आठ, खऱ्या जगात किती वेळ गेला?"

"पाऊण तास, सर."

"आणि पडद्यावर?"

"एक मिनिट."

"छान. मधली चव्वेचाळीस मिनिटं कुणाला दिसता कामा नयेत. पुढे वाच."

चोपडीने पुढे वाचलं नाही. ती बरोबरच्या त्या खुणेकडे बघत राहिली. घड्याळ थांबवलं. घड्याळ सुरू केलं. दोन दहाला थांबवलं, आणि दोन दहापासूनच सुरू केलं. काटे पुढे सरकवले का? तिने स्टुलावरची स्वतःची बोटं आठवून पाहिली. किल्ली आठवली, लंबक आठवला. काट्यांना हात लावल्याचं आठवेना.

वर्गातल्या घड्याळात तीन पस्तीस झाले होते. म्हणजे दवाखान्यात तीनला दहा कमी. म्हणजे आत्या आत्ता ट्रंकेशेजारी बाकावर बसलेली असणार. बरोबर साडेतीनला निघायचं, असं ठरलं होतं. त्या भिंतीवर साडेतीन होतील तेव्हा गाडी सुटून पाच मिनिटं झालेली असतील.

"सर, मला जायला हवं," ती म्हणाली.

"वही अर्धी राहिलीय."

"हो."

सरांनी डोळे उघडले. तोवर ती दाराबाहेर होती, वही काखेत.

कार्यालयातला कारकून फोनवर मेव्हण्याशी बोलत होता. तो उरकेपर्यंत तीन मिनिटं गेली. मग तिने दवाखान्याचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली आणि बंद पडली. तिने पुन्हा फिरवला. फोन आत्याच्या हाताच्या अंतरावर होता, हे तिला माहीत होतं. कुणी उचलला नाही.

फाटकाशी लांबू सायकल घेऊन उभा होता. तो तिच्या मागोमाग का आला हे त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

"मागे बस."

"घड्याळ मागे आहे. गाडी चार दहाची."

"कळलं मला. मीच वेळ सांगितली होती काल. बस."

त्याचे गुडघे सायकलच्या मानाने फार वर यायचे. रस्त्यावरचे दुकानदार बघत होते, एकाने शीळही घातली. चोपडीला कशाचं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर बाहेरची खोली होती. बाकावर एक माणूस, आत मशीनचा आवाज, भिंतीवर घड्याळ. सर म्हणाले होते तसंच. जे तिला कळलं होतं ते तिथे बसलेल्या बाईला कळलेलं नव्हतं.

ती दवाखान्यात शिरली तेव्हा भिंतीवर तीन दहा झाले होते. खोलीत कुणी रोगी नव्हता. आत्या प्रवासाची साडी नेसून बाकावर ताठ बसली होती. शेजारी ट्रंक, मांडीवर पर्स आणि थर्मास. मामा दाराशी.

"तू कशी आलीस? नको म्हटलं होतं ना?"

"आत्या, ऊठ. चारला पाच कमी आहेत."

आत्याने घड्याळाकडे बघितलं. "बये, तीन दहा झालेत."

"ते घड्याळ मागे आहे, पाऊण तास. लांबूचं बघ." लांबूने दारातून मनगट पुढे केलं.

सतरा वर्षं त्या घड्याळावर जगलेली बाई. तिला परक्या पोराचं मनगट खरं मानायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा पांढरा पडला.

"फोन का नाही घेतलास गं?"

"वाजत होता," आत्या म्हणाली. "दोनदा. पण बारा वाजता माझं काम संपलं. म्हटलं, आता सवय मोडायला हवी."

मामांनी अपराधी चेहऱ्याने जमिनीकडे पाहिलं.

आतलं मशीन थांबलं. काका पांढऱ्या कोटात बाहेर आले, त्यांच्यामागे खुर्चीत एक जाडा गृहस्थ तोंड उघडं टाकून बसलेला दिसत होता. काकांनी एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा लांबूच्या मनगटाकडे. चोपडीला नंतर बरेचदा वाटलं की तेव्हा ते नुसते "अरेरे" म्हणाले असते तर आत्या राहिली असती आणि त्यांना कुणी दोषही दिला नसता. त्यांनी आत जाऊन रोग्याच्या तोंडात कापूस कोंबला, "मिटून बसा, वीस मिनिटांत आलो" म्हणाले आणि कोटासकट स्कूटर बाहेर काढली.

"ट्रंक?" मामा म्हणाले.

"ट्रंक खड्ड्यात गेली! बस गं मागे."

आत्या बसली. आयुष्यात ती कधी स्कूटरवर बसली नव्हती. पर्स आणि थर्मास पोटाशी धरून, भावाच्या कोटाला मुठीत घट्ट पकडून ती गेली. चोपडी आणि लांबू सायकलवरून मागोमाग निघाले, पण स्टेशनवर पोचले तेव्हा फलाट रिकामा होता आणि काका बाकावर एकटे बसले होते, कोटावर रक्ताचा एक थेंब.

"मिळाली?" चोपडीने विचारलं.

"शेवटचा डबा," काका म्हणाले. "लोक मला वाट देत होते. वाटलं असेल, कुणीतरी मेलंय."

सगळे दवाखान्यात परतले. जाडे गृहस्थ अजून तोंड मिटून बसले होते. त्यांचा दात काढून झाल्यावर काकांनी घड्याळवाल्याला बोलावणं धाडलं. त्याने घड्याळ उघडलं, फुंकर मारली, बंद केलं.

"यात काही दोष नाही, डॉक्टर."

"दोष नाही तर पाऊण तास गेला कुठे?"

घड्याळवाल्याने खांदे उडवले. चोपडी तिथेच उभी होती. आता सांगायचं, असं तिने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा ते उद्यावर ढकललं. घड्याळवाला निघून गेल्यावर काका त्याला आठ दिवस भामटा म्हणत होते, आणि आत्याला धाडलेल्या पत्रातही त्यांनी तेच लिहिलं.

वही हरवली हे तिच्या रात्री लक्षात आलं, पण कुठे ठेवली ते आठवेना. धावपळीत ती तिने ट्रंकेवर ठेवली होती. मामांनी ट्रंकेवरचं म्हणजे ट्रंकेतलं असा हिशेब करून ती आत टाकली, दोरी आवळली, आणि गुरुवारच्या गाडीने ट्रंक आत्याकडे गेली. सरांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नोंदी ठेवणाऱ्याने वही सोडायची नसते," आणि तिचे गुण कापले. गटाने रीळ आठवणीवर जोडलं.

दोन आठवड्यांनी आत्याचं काकांना पत्र आलं. मंगळवारी पावणेनऊला पोचले. तीन दिवस एका नर्सच्या साड्या नेसले, त्या आखूड होत्या. शेवटी एक ओळ : "घड्याळवाल्याला बोलू नकोस. त्या रविवारी गडबडीत किल्ली मीच कमी दिली, म्हणून ते मागे पडलं." काकांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "तरी म्हटलं!"

त्याच दिवशीच्या टपालाने चोपडीच्या नावाचं एक पाकीट आलं. त्यात निळ्या पुठ्ठ्याची वही. सोबत पत्र नव्हतं, चिठ्ठीही नव्हती. तिने पानं उलटली. "घड्याळ सुरू केले" या नोंदीपुढे, बरोबरच्या खुणेला लागून, आत्याच्या नंबर देण्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : "पुढे लावायचे राहिले."

त्यावर त्या दोघी कधीही बोलल्या नाहीत.

ती दोन मिनिटं वर्गात दाखवली गेली तेव्हा मुलं गप्प झाली, आणि रिकाम्या खुर्चीवरचा हलता दिवा दिसताच मागच्या बाकावर कुणीतरी किंचाळलं. घड्याळ मात्र पडद्यावर धूसर होतं. लांबूने सगळी नजर मामांच्या चेहऱ्यावर ठेवली होती. मागे दोन दहा वाजलेत की चार, हे कुणालाही वाचता आलं नसतं. लांबूने खालच्या आवाजात "सॉरी" म्हटलं.

साहेबाने पुढे चित्रपट कधीच काढला नाही. त्याने वडिलांचं फर्निचरचं दुकान घेतलं आणि तिथे बसून हुकूम सोडले. लांबूने पंचवीस वर्षं जंगलं आणि पक्षी टिपले. त्याची पत्रं येत, दर पत्राच्या डोक्यावर तारखेबरोबर वेळही लिहिलेली असे, मिनिटासकट. घुम्या मोठा ध्वनिमुद्रक झाला. लग्नानंतर त्याची बायको सगळ्यांना सांगत असे की घरी हा माणूस बोलायचा थांबत नाही. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मामा पुढची बारा वर्षं कॉलेजातल्या दर वर्षाच्या थरारपटात बसले. मेले त्यातल्या चार वेळा. सर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी गेले. काकांनी आत्याच्या जागेवर कुणाला ठेवलं नाही. फोन वाजला की ते स्वतः बाहेर येत, हातमोज्यासकट, आणि रोगी तोंड उघडं ठेवून वाट बघत.

आत्याने तिथे पंधरा वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावरही ती त्याच गावी राहिली, एका छोट्या खोलीत, आणि ऐंशीव्या वर्षी झोपेत गेली. तिच्या सामानात एक मनगटी घड्याळ निघालं. ते तिने पहिल्याच महिन्यात घेतलं होतं, हे पावतीवरून कळलं.

चोपडीने चौतीस चित्रपटांच्या वह्या लिहिल्या. तिच्यासोबत काम शिकायला आलेल्या मुली चेष्टा करायच्या, की बाई घड्याळाची नोंद तीन ओळींत करतात. थांबवले. सुरू केले. पुढे लावले. तिसरी ओळ कशाला, असं एकीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे, लिही."

दवाखान्यातलं घड्याळ काका गेल्यावर तिच्याकडे आलं. ते अजून चालतं. दर रविवारी, बारा वेढे.